सुखीबाईच्या ताटातली भाकर

यवतमाळ,
६ नोव्हेंबर २०२४

मामा,

नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही, आणि उचललात तर मला वाक्य पुरं करू देत नाही. म्हणून कागदावर लिहिते.

दिवाळीला तांड्यावर आले तेव्हा तुमच्या बहिणीला, माझ्या याडीला, पाहून दारातच थबकले. गळ्याची हाडं वर आलीत, ब्लाउज खांद्यावरून घसरतो. भाऊबीजेला तुम्ही ओवाळून घेतलंत, नारळ घेतलात आणि गेलात. त्यानंतर आम्ही जेवायला बसलो. वहिनीने, सुनीलच्या बायकोने, गरम भाकर आणि तुरीचं वरण वाढलं. याडीने भाकर उचलली, परत टोपल्यात ठेवली आणि उकडलेली अंडी सोलत बसली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "देवसिंग म्हणते, भाकर म्हंजे साखरच." वरणाचं काय, तर तेही दोन चमच्यांवर नको. जन्मभर जिने ज्वारी पेरली, कापली, दळली, ती बाई ज्वारीला घाबरून बसली आहे.

तुम्ही आश्रमशाळेत भूमिती शिकवली. चांगली शिकवली, मीही तिथेच शिकले. पण माणसाचं शरीर म्हणजे त्रिकोण नाही. दर रविवारी समाजमंदिरात माणसं गोळा करून तुम्ही भात, पोळी, केळं, सगळ्यांना शत्रू ठरवता, हे मला सुनीलने सांगितलं. मी इथल्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून सोळा वर्षं काम करते. मधुमेह असलेल्या माणसालाही धान्य लागतं. अर्धं ताट भाज्या, पाव ताट धान्य, पाव ताट डाळ किंवा अंडं-मटण, सोबत दही. हे माझ्या मनचं नाही, जगभरच्या शहाण्या माणसांनी वर्षानुवर्षं तपासून ठरवलेलं आहे. तुमच्या मोबाईलवरच्या कोण्या साहेबाच्या भाषणाने ते बदलत नाही.

सोबत याडीसाठी तक्ता पाठवते आहे. दोन वेळा दीड-दीड भाकर, त्याखाली जाऊ नका. तुम्ही तिला काहीही सांगणं आजपासून बंद करा. नाही केलंत तर एखाद्या रविवारी मी समाजमंदिरात येईन आणि सगळ्यांसमोर बोलेन.

संगीता


पळसतांडा, ता. पुसद,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. संगीता,

आशीर्वाद. रागात असलो तरी हा शब्द मी गाळत नाही.

तक्ता मिळाला. ओळखीचा निघाला. असाच तू मला दिला होतास, फक्त वरचं नाव बदललं आहे आणि पोळीच्या जागी भाकर आली आहे. सकाळी पोहे, अकराला केळं, दुपारी दोन पोळ्या आणि वाटीभर भात, चारला दोन बिस्किटं, रात्री पुन्हा पोळ्या. दर दोन तासांनी थोडं थोडं खा, असं तू बोट नाचवून सांगितलं होतंस. मी शिक्षक माणूस, सांगितलेलं पाळतो. तीन वर्षं पाळलं. साखर चढत गेली, गोळ्या वाढल्या, मग इन्सुलिनची सुई आली, मग सुईचं माप वाढलं. प्रत्येक वेळी तुझ्यासमोर आलो की तुझं एकच वाक्य: मामा, तुम्ही पथ्य नीट पाळत नाही. शेवटी नागपूरला माझ्या डाव्या पायाचं बोट कापलं. तेव्हा भेटायला आलीस आणि सोबत काय आणलंस, तर नवा तक्ता.

मग अमरावतीला एक डॉक्टर भेटले. त्यांनी दोन महिने धान्य बंद करायला सांगितलं आणि दर आठवड्याला मला समोर बसवून सुई कमी केली. आज सुई नाही. पायाची आग थांबली. रोज पहाटे पुसद रोडला पुलापर्यंत चालत जाऊन येतो, एक बोट कमी असताना. भूमितीत एक चांगलं असतं, सिद्ध झालं नाही तर गुरुजीचंही कोणी ऐकत नाही. तुझा तक्ता माझ्या अंगावर सिद्ध झाला नाही.

आणि ते अर्धं ताट भाजीचं चित्र तुझ्या दवाखान्याच्या भिंतीवर शोभतं. तांड्यावर कोणाच्या घरी तसं ताट आहे, दाखव. आपल्याकडे ताट म्हणजे तीन भाकरी, पातळ वरण आणि कोपऱ्यात ठेचा. तुमचं शास्त्र त्या चित्राला लागू आहे, या ताटाला नाही. इथे माणूस 'धान्य खा' एवढंच ऐकतो आणि तेवढंच खातो.

तुझी आई सुखी माझ्याकडे स्वतःहून आली. मी बोलावलं नव्हतं. माझी सुई सुटलेली तिने डोळ्यांनी पाहिली. तुझा बाप नेमसिंग गेला तेव्हा तिला आणि तुम्हा दोघा लेकरांना या तांड्यावर परत आणणारा मीच. तुला शाळेत घातलं तेही मीच. मला अडाणी ठरवायला शिकवलं नव्हतं.

समाजमंदिराचं दार उघडंच असतं. खुशाल ये.

देवसिंग


यवतमाळ,
२० नोव्हेंबर २०२४

मामा,

आज मतदानाची सुट्टी आहे म्हणून निवांत बसून उत्तर देते.

तुमचं बोट माझ्या तक्त्याने नेलं, हे तुम्ही पूर्ण तांड्याला सांगत फिरता. आता मी सांगते. तुमच्या मुलाच्या, प्रेमच्या, लग्नात तुम्ही नवे बूट घातले. ते चावले. जखम झाली ती मोज्याखाली झाकून तुम्ही तीन आठवडे सोयऱ्याधायऱ्यांच्या घरी जेवणं झोडत फिरलात. मामींना वास आला तेव्हा कळलं. पोळ्या मोजून खाल्ल्या हे खरं असेल, पण त्या सगळ्या जेवणांतल्या जिलब्या तुमच्या हिशोबात नाहीत. घरच्या लग्नात जिलबी खाल्ली म्हणून मी तुम्हाला कधी टोमणा मारला नव्हता. आज मारते आहे, कारण तुम्ही सुरुवात केली.

तुमची साखर उतरली हे मी नाकारत नाही. धान्य बंद केलं की ती उतरतेच, यात चमत्कार नाही. किती वर्षं हे निभेल आणि तुमच्या काळजाचं, मूत्रपिंडाचं पुढे काय होईल, याचं उत्तर तुमच्या साहेबाकडेही नाही. पण ते असू द्या. तुमच्याच पत्रातलं एक वाक्य तुम्ही पुन्हा वाचा. डॉक्टरांनी दर आठवड्याला समोर बसवून सुई कमी केली. तुमच्या रविवारच्या सभेत समोर बसवून कोण कमी करतं? तुम्ही?

तुमच्या सभेतल्या डोमाजीचं मला कळलं आहे. तो साखर जबरदस्तीने खाली ओढणारी गोळी घेतो. तुम्ही त्याच्या ताटातली भाकर काढली, गोळी तशीच ठेवली. कापूस वेचता वेचता घामाने भिजून तो कापसाच्या ओळीतच आडवा झाला. शेजारच्या बाईने तोंडात गूळ कोंबला म्हणून तो आज आहे. हे तुम्ही तुमच्या सभेत सांगितलंत का?

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तुम्हाला मीच काढलं. सुनीलवर संशय घेऊ नका.

याडीचं मी बघते. काय बघते ते तुम्हाला सांगायची मला गरज वाटत नाही.

संगीता


पळसतांडा,
९ डिसेंबर २०२४

चि. संगीता,

आशीर्वाद.

डोमाजी त्या दिवशी उपाशी शेतात गेला होता. मी सांगितलेली अंडी आणि दही खाऊन गेला असता तर पडला नसता. त्याने माझ्यावर बोट ठेवलेलं नाही, तू ठेवते आहेस. तो पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. तुझ्या दवाखान्यात रांगेत बसून त्याला काय मिळतं ते त्याने सभेत सांगितलं. डॉक्टर त्याच्याकडे न बघता कागदाकडे बघतात आणि तू भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवतेस.

तू सुखीला डोळे तपासायला म्हणून आठवडाभर यवतमाळला नेलंस. डोळे ठीक आहेत म्हणे. बरं झालं. ती परत आली ती गप्प गप्प आली. तिथे तिला काय सुनावलंस ते मी विचारलं नाही.

तुझी भीती जावी म्हणून लिहितो. तुझ्या आईला मी आता खाण्याबद्दल काही सांगत नाही. ती तिची मुखत्यार आहे.

देवसिंग


यवतमाळ,
३ जानेवारी २०२५

मामा,

याडीची काल पुसदला तपासणी झाली. उपाशीपोटीची साखर एकशे अठरा. दिवाळीपासून ती दोन वेळा भाकर खाते आहे, मला रोज संध्याकाळी फोनवर सांगते. भाकर, वरण, मेथीची भाजी. आणि तरी साखर उतरली.

हे तुमच्या सभेत जरूर वाचून दाखवा. भाकर खाऊन एकशे अठरा.

संगीता


पळसतांडा,
१० जानेवारी २०२५

चि. संगीता,

आशीर्वाद. आकडा मलाही कळला. सुनीलने मला तुझ्याआधी दाखवला.

कशाने उतरला ते तू तुझ्या समजुतीने समज, मी माझ्या समजुतीने समजतो. पण सभेत मी तो आकडा फळ्यावर मोठा लिहिला, हे तुला कळवतो. टाळ्या पडल्या.

देवसिंग


पळसतांडा,
२९ जानेवारी २०२५

संगीता,

आज मी तो शब्द लिहिला नाही. मुद्दाम गाळला.

अतिदक्षता विभागाच्या बाहेर आपण चार दिवस एका बाकावर बसलो आणि तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मीही बोललो नाही. तिथे बोललो असतो तर माणसं गोळा झाली असती. आता सुखी धोक्याच्या बाहेर आहे, मी घरी आलो आहे, आणि जे तिथे बोललो नाही ते लिहितो.

एकोणीस तारखेच्या रविवारी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. पोट दुखत होतं. सुनीलने मला बोलावलं. मी माझं यंत्र घेऊन गेलो आणि बोटाला टोचून साखर पाहिली. एकशे बासष्ट. माझा जीव भांड्यात पडला. साखर बरी आहे म्हणजे साखरेचं दुखणं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. मीठ घातलेलं लिंबूपाणी दिलं. सुनीलने तुला फोन लावला, तू पहिल्यांदा काय विचारलंस? साखर किती. त्याने आकडा सांगितला आणि तू म्हणालीस, पित्त झालं असेल, गोळी दे, उद्या बघू. हे मी बाजूला उभा राहून ऐकलं. तेव्हा तुझं बोलणं मला पटलं, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा झालं असेल.

सोमवारी दुपारी ती धाप लागल्यासारखी श्वास घेऊ लागली. पळत आलेलं माणूस घेतं तसा. खाटेवर पडून पळत होती. सुनीलला तिने नेमसिंग म्हणून हाक मारली आणि बैल सोडलेत का म्हणून विचारलं. तेव्हा आम्ही गाडी काढली. पुसदच्या डॉक्टरांनी हात लावला आणि पुढे पाठवलं.

यवतमाळला तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत. मी जुन्या दोन सांगितल्या. सुनील म्हणाला, अजून एक आहे, ताईने डिसेंबरात सुरू करून दिली. त्याने खिशातून पाकीट काढलं. मी ते पाकीट आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मग डॉक्टरांनी विचारलं, खातात काय. मी सांगितलं, अंडी, दही, भाजी, शेंगदाणे, कधी मटण, धान्य नाही. डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. म्हणाले, ही गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते. अशात माणूस धान्यही खात नसेल तर शरीर चरबी जाळत सुटतं आणि रक्तात आम्ल साठतं. साखर वर जात नाही, म्हणून घरच्या यंत्रावर काही कळत नाही. मग त्यांनी विचारलं की या दोन्ही गोष्टी एकत्र कोणाला माहीत होत्या. मी तुझ्याकडे पाहिलं. तू खिडकीबाहेर पाहत होतीस.

डोळे तपासायला नेलं होतं ना तू तिला? माझ्यापासून लपवून तिला गोळी दिलीस. वरून ताकीद दिलीस, मामाला सांगायचं नाही. सुखीने ते शब्दशः पाळलं. माझ्या बहिणीला तू तुझा हट्ट जिंकण्यासाठी मरणाच्या दारात नेऊन उभं केलंस. मला एक ओळ कळवली असतीस तर मी तिच्या ताटात माझ्या हाताने भाकर वाढली असती.

देवसिंग


यवतमाळ,
४ फेब्रुवारी २०२५

मामा,

तुम्ही शब्द गाळलात, मी नमस्कार केव्हाच गाळला आहे. हिशोब बरोबर.

गोळी मी दिली. डॉक्टरांना दाखवूनच दिली. त्यांनी मला समोर बसवून विचारलं होतं, बाई नीट जेवतात ना, उपासतापास, पथ्यं काही आहेत का. मी म्हणाले, नाही, दोन वेळा भाकर खाते. असं का म्हणाले? कारण ती मला तसं सांगत होती. आणि मग तुमचं नऊ डिसेंबरचं पत्र आलं, तुझ्या आईला मी आता खाण्याबद्दल काही सांगत नाही. ते वाचून माझा उरलासुरला संशय गेला. सांगायची गरजच नव्हती, असं आता कळतं. ती तुमच्या घरी जाऊन जेवत होती. मामी तिला वाढत होत्या. सुनीलच्या घरी तिच्या नावाची भाकर रोज गाईला जात होती. तुम्ही खोटं लिहिलं नाहीत, मामा. तुम्ही इतकं खरं लिहिलंत की मला ते खोटं आहे हे दिसू नये. भूमितीच्या मास्तराला हे चांगलं जमतं.

तुम्ही एक ओळ कळवली असती तर ती गोळी मी त्याच दिवशी फेकली असती. तुमचं हे वाक्य मी उलटं करून तुम्हाला परत करते.

आणि खिडकीबाहेर मी का पाहत होते, ते विचारू नका.

तुम्ही निघून गेल्यानंतरचं सांगत नाही, तुम्ही होतात तेव्हाचीच आठवण करून द्यायची आहे. तिला खोलीत हलवलं त्या दुपारी नर्सने मऊ खिचडीची ताटली आणली. मी म्हणाले, अजून दोन चमचे घे. तुम्ही पलंगाच्या दुसऱ्या बाजूने म्हणालात, भात एकदम नको. चार दिवस मरणाशी झगडलेल्या बाईच्या डोक्यावरून आपण पुन्हा सुरू केलं. तिने ताटली दोन्ही हातांनी बाजूला सरकवली. तुम्ही ऐकलंत ते मीही ऐकलं.

"पोट भरलं का तुमचं दोघायचं?"

आपल्या तांड्याच्या बोलीत नाही बोलली. मराठीत बोलली, नर्सलाही समजावं म्हणून. आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या संध्याकाळी काही खाल्लं नाही.

मी रात्रंदिवस एकच विचार करते आहे. ती आपल्या दोघांशी खोटं का बोलली? मला भाकर खाते म्हणून सांगायची, तुमच्यापासून गोळी लपवायची. तिला कळत नव्हतं असं नाही. तिला आपली भीती वाटत होती. एकाला खरं सांगितलं तर दुसरा येऊन अंगणात तमाशा करेल. गेल्या दिवाळीला मी केलाच होता.

आता डॉक्टर काय म्हणाले ते लिहिते, कारण ते तुम्हाला कळणं भाग आहे. ती गोळी कायमची बंद. ज्वारी दोन वेळा अर्धी-अर्धी, वरण भरपूर, अंडी, दही, भाजी. धान्य कमी ठेवून तिची साखर उतरते आहे, तर कमीच ठेवा, असं त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं. माझ्या तक्त्यातल्या दीड-दीड भाकरी त्यांनी स्वतःच्या हाताने खोडल्या. हे लिहिताना दात आवळले जातात, पण लिहिते. पुढे ते असंही म्हणाले की कमी धान्य खा म्हणणारा माणूस गोळ्या बघत नसेल, तर त्याने गप्प बसावं. हे तुमच्यासाठी.

समाजमंदिरातली सभा बंद करा. बाकीच्यांच्या पाकिटात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही.

संगीता


पळसतांडा,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. संगीता,

आशीर्वाद लिहितो. मागच्या वेळी गाळला ते चुकलं म्हणून नव्हे.

सभा बंद केली नाही. तू सांगितलं म्हणून तर नक्कीच करणार नव्हतो. पण गेल्या रविवारी मी आहाराबद्दल काही बोललो नाही. सुखीचं सगळं सांगितलं. माझ्या यंत्राने काय दाखवलं, मी लिंबूपाणी कसं दिलं, तिच्या पिशवीत कोणती गोळी होती आणि ती मला ठाऊक नव्हती. फळ्यावर तिचा जुना आकडा अजून तसाच होता. तो पुसून मग बोललो. माझं होईस्तोवर निम्मी माणसं उठून गेली. लखीराम जाताना म्हणाला, मास्तर, तुमच्यापायी आमची बाई तीन महिन्यांपासून भाकर सोडून बसली, हे आधी सांगाले पाह्यजे होतं. मी मान खाली घातली नाही.

डोमाजी बसून राहिला. सगळे गेल्यावर त्याने शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची पुडी काढली. तीन रंगांच्या गोळ्या होत्या, नावाचं पाकीट कधीच फेकलेलं. म्हणाला, "मास्तर, यातली मले कोणती पाडते?"

मी तीस वर्षं वर्गात उभा राहिलो. पोराने प्रश्न विचारला आणि मला येत नसलं, तर उद्या सांगतो म्हणायचो, घरी जाऊन पुस्तकात पाहायचो. डोमाजीला उद्या सांगतो म्हणता येईना. मी म्हटलं, मले माहीत नाही.

त्याला भाकर परत नको आहे. पायाची जळजळ कमी झाली, तो हातचं सोडायला तयार नाही. पण तो आता गोळी घेतानाही भितो आणि न घेतानाही भितो. त्याला घेऊन मी सोमवारी, चोवीस तारखेला, तुझ्या दवाखान्यात येतो आहे. पहिल्या बसने निघू. मी तुझ्याशी बोलायला येत नाही. पायाचं बोट मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. तू त्याच्या गोळ्या बघ, तुझ्या डॉक्टरांना दाखव. मी फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर थांबेन.

सुखीबद्दल एक लिहायचं आहे. मी रोज संध्याकाळी तिच्याकडे जातो. ती चहा देते, कापसाचं, लेकरांचं बोलते. जेवायची वेळ झाली की म्हणते, भाऊ, तू नीघ आता. आम्ही लहान होतो तेव्हा एका थाळीत जेवायचो. आता ती माझ्यासमोर घास तोंडात घालत नाही. अर्धी भाकर खाते की दोन खाते की काहीच खात नाही, मला ठाऊक नाही. तुला फोनवर काय सांगते, ते तरी कळव.

देवसिंग


यवतमाळ,
१९ फेब्रुवारी २०२५

मामा,

नमस्कार.

मला काहीच सांगत नाही. जेवलीस का विचारलं की हो म्हणते, काय जेवलीस विचारलं की फोन सुनीलकडे देते. सुनीलला दटावून विचारलं तर म्हणाला, ताई, मले मधात घेऊ नको. मी पुढच्या महिन्यात तपासणीला तिला आणणार आहे. तोवर ती काय खाते हे तुम्हालाही कळणार नाही, मलाही नाही. आपण दोघांनी मिळून एवढं कमावलं.

डोमाजीला उपाशी आणू नका. घरून खाऊन निघू द्या, अंडी-दही खात असेल तर तेच खाऊ द्या, त्यासाठी मी त्याला बोलणार नाही. गोळ्यांची पुडी आहे तशी आणा, त्यातून काही निवडून काढू नका. वाटेत घाम आला, हात थरथरले तर लगेच साखर द्या. त्या वेळी साखर द्यायला बिचकू नका, मामा, ते विष नाही.

सोमवारी गर्दी असते. खिडकीवर माझं नाव सांगा, रांगेत थांबू नका.

आणि टपरीवर थांबायचं नाही. तुम्ही आत यायचं. मी त्याला जे सांगेन ते तुमच्यासमोर सांगणार, आणि तुम्ही त्याला घरी काय खायला सांगता ते माझ्यासमोर सांगायचं, डॉक्टर ऐकत असताना. तुमचं मला पटणार नाही हे मला आत्ताच माहीत आहे. तुम्हालाही माझं पटणार नाही. मग भांडू. पण डोमाजी मध्ये बसलेला असताना भांडू. त्याच्या माघारी नको.

संगीता